येणेबाकीचे तात्या

भोसरीच्या एमआयडीसीत माल बनवणारे पुष्कळ आहेत. केसाइतकाही फरक न पडू देता पार्ट काढणारे आहेत, रात्री दोनला मशीन बंद पडली तर बनियनवर धावत येणारे आहेत. खरं अवघड काम माल गेटबाहेर पडल्यावर सुरू होतं. चलनावर समोरच्या कंपनीचा शिक्का बसतो, बिल इनवर्ड होतं, स्टोअरवाले म्हणतात मिळाला, क्वालिटीवाले म्हणतात पास, आणि त्यानंतर कुणीच काही म्हणत नाही. तिथून पैसे काढून आणणारा माणूस आमच्या गाळ्यांच्या ओळीत एकच. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

तात्या कुणाचे नोकर नाहीत. आठदहा गाळेवाल्यांची वसुली ते मिळून बघतात आणि आलेल्या पैशावर शेकडा दोन घेतात. निवृत्त होईपर्यंत ते एका मोठ्या कंपनीत बिलं पास करायच्या टेबलावर होते. “उभ्या नोकरीत लोकांची बिलं अडवली, आता सोडवतोय,” असं ते स्वतःच सांगतात. “गंगेला जायचा खर्च वाचला.” अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, स्कूटरच्या हुकाला रेक्झिनची बॅग. बॅगेत काय असतं ते पुढं येईलच.

तात्यांचा पहिला नियम असा की पैसे मागायचे नाहीत. वसुली करणाऱ्या माणसाचा हा नियम ऐकून मी चाट पडलो होतो. पण त्यांचा फोन ऐकला की उलगडा होतो.

“नमस्कार साहेब, तात्या बोलतोय. नाही नाही, त्यासाठी नाही केला. चिरंजीवांची बारावी होती ना यंदा? मिळालं का कॉम्प्युटर? अरे वा! फी फार असेल हो तिथं. भरली? सगळी एकदम? वा, वा.”

एवढं बोलून तात्या गप्प होतात. आपण काय बोलून बसलो हे पलीकडच्या माणसाच्या ध्यानात यायला तीनचार सेकंद लागतात. मग तोच म्हणतो, “तात्या, तुमचंही बघतो या आठवड्यात.”

“माझं? अहो, त्याची काय घाई!” आणि फोन ठेवता ठेवता, “बुधवारी चक्कर टाकू का मग?”

बुधवारच का, त्याला कारण आहे. आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. बहुतेक ऑफिसांत सोमवारी पेमेंटची यादी निघते, मंगळवारी ती साहेबांच्या टेबलावर जाते आणि बुधवारी साहेब सही तरी करतात किंवा “सुट्टीनंतर बघू” तरी म्हणतात. म्हणून तात्या बुधवारी चारच्या चहाला हजर असतात. सोमवारी यादीत नाव आलंय की नाही हे त्यांना अकाउंट्सच्या ताईंकडून कळलेलं असतं, साहेब जागेवर आहेत की नाहीत हे गेटवरच्या मामांकडून. ताईंच्या गुडघ्याचं औषध आणि मामांच्या गावाकडच्या बोअरचं पाणी या दोन्हींची चौकशी तात्या मनापासून करतात. मालकांना मात्र ते तब्येत विचारत नाहीत. “मालकाला तब्येत विचारली की त्याला आजार सुचतो,” हा त्यांचा अनुभव.

एकदा असंच झालं. एका पार्टीनं सांगितलं, सासरे अ‍ॅडमिट आहेत, फार धावपळ चालू आहे, पैशाचं आत्ता विचारू नका. तात्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी दोन शहाळी घेऊन ते पार्टीच्या घरी गेले. दार सासऱ्यांनीच उघडलं. तात्यांनी शहाळी सोलून घेतली, दोघांनी बाल्कनीत बसून प्यायली, पवनेच्या पाण्यावर बोलणं झालं. निघताना तात्या एवढंच म्हणाले, “जावई तुमची फार काळजी करतात हो.” दुसऱ्या दिवशी साडेदहाला पैसे खात्यावर होते आणि यूटीआर नंबर न मागता आला होता. एरवी यूटीआर नंबर हातात पडेपर्यंत तात्या ‘पैसे टाकले’ या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तात्यांची खरी दौलत म्हणजे त्यांची वही. सबबींची नोंद त्यात जन्ममृत्यूच्या रजिस्टरासारखी ठेवलेली आहे. ‘बँकेची वेळ संपली, आता उद्या’ ही सबब पिढ्यान्‌पिढ्या चालली. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं आणि ती अंथरुणाला खिळली. १४ डिसेंबर २०२० ला आरटीजीएसही चोवीस तास झालं, त्या दिवशी ती वारली. वहीत तिच्यापुढे तारीख आहे आणि ‘फार सोय होती’ असा शेरा. ‘चेक पोस्टात टाकलाय’ ही दीर्घ आजारानं गेली, तिची तारीख नाही. पण जन्मही होतच असतात. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्याच्या पोटी पुढं ‘तुमचं बिल आमच्या जीएसटीच्या टू-बी पत्रकात दिसत नाही’ ही सबब जन्मली आणि बाळसं धरून बसली. ‘ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो आणि साहेब विमानात आहेत’ ही तर तात्यांची लाडकी. “काय देखणी आहे बघा,” ते म्हणतात. “यात कुणीच खोटं बोलत नाही. पैसे आहेत, द्यायची इच्छा आहे, फक्त साहेब ढगात आहेत.”

शिवाय पंचांगातल्या सबबी बारमाही. पितृपक्षात नवं काही नको, अधिक महिन्यात शुभ नाही, अमावास्येला व्यवहार नाही, दिवेलागणीनंतर लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. लक्ष्मी आत यायला मात्र कोणताही मुहूर्त चालतो हे तात्यांनी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे.

आता बॅग. तिच्यात प्रत्येक पार्टीचं येणेबाकीचं पत्रक असतं. बिलं, तारखा, बेरीज आणि सगळ्यात खाली व्याज. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे थकले तर २००६ च्या कायद्यानं मुदत ठरवून दिलेली आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असला तरी ४५ दिवसांच्या पुढं नाही. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तात्या हे व्याज पैशापर्यंत काढून टाइप करून आणतात. मालकापुढं पत्रक ठेवतात. मालकाची नजर शेवटच्या ओळीपर्यंत पोचायची वाट बघतात. पोचली, डोळे विस्फारले, की तात्या खिशातलं लाल पेन काढतात आणि ती ओळ सावकाश खोडतात.

“हे आमच्या कॉम्प्युटरनं आपलंआपण काढलं. मी म्हटलं, आपल्यात असलं काही नको.”

ओळ मात्र अशी खोडलेली असते की आकडा वाचता यावा.

कायदा तात्यांना वकिलाइतका पाठ आहे. उधारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, आणि ती संपण्याआधी समोरच्यानं लेखी कबुली दिली तर तीन वर्षं नव्यानं मोजायची, हे त्यांना माहीत असल्यामुळे दिवाळीला ते पार्टीकडे मिठाईचा पुडा घेऊन जातात तेव्हा पुड्याखाली बाकी कबूल असल्याचं पत्र असतं. “ऑडिटरनं मागितलंय हो, नुसती सही आणि शिक्का.” तोंडात काजूकतली असताना माणूस नाही म्हणत नाही. चेक परत आला तर बँकेच्या मेमोपासून ३० दिवसांत नोटीस, नोटिशीनंतर १५ दिवसांची मुदत, हे १३८ कलमाचं वेळापत्रक त्यांच्या बोटांवर. बिलाला १६५ दिवस झाले की ते पार्टीच्या काळजीनं फोन करतात: “साहेब, १८० दिवस उलटले तर तुम्ही घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागेल. आमचं राहू द्या हो, तुमचं नुकसान नको.” आमचा जीएसटी आम्ही पुढच्याच महिन्याच्या २० तारखेला पदरचा भरलेला असतो, याचा ते उच्चारही करत नाहीत.

मी एकदा विचारलं, “तात्या, एवढं सगळं आहे तर सरळ तक्रार का करत नाही? अशा थकबाकीसाठी राज्यात परिषद आहे, २०१७ पासून ऑनलाइन अर्ज करता येतो. निकाल पार्टीच्या विरुद्ध गेला तर तिला अपिलाआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते म्हणतात.”

तात्यांनी बॅगेचा आतला कप्पा उघडला. प्रत्येक पार्टीच्या नावानं अर्ज पूर्ण भरून तयार होता, जोडपत्रांसकट. फक्त दाखल केलेला नव्हता.

“हा दाखल केला की पैसे येतील. उशिरा येतील, पण येतील,” ते म्हणाले. “आणि त्या दिवसापासून त्या गेटमधून तुमच्या नावाची पर्चेस ऑर्डर निघणार नाही. ती शेजारच्या गाळ्यात जाईल. त्याचे पैसे थकतील आणि तो मला बोलावेल. माझं दोन्हीकडून बरंच आहे, पण तुमचं काय? म्हणून हे अर्ज चष्म्याच्या डबीखाली ठेवतो. पार्टीसमोर चष्मा शोधायला कप्पा उघडतो. तेवढं पुरतं.”

आमच्या धंद्याचं सगळं गणित या कप्प्यात आलं. ज्याच्याकडून येणं आहे त्याच्याकडूनच पुढची ऑर्डर हवी असते. भांडायचं तर आहे, पण त्यानं आपल्यावर रागावता कामा नये. कायदा लिहिणाऱ्याला ही अडचण नसते. तात्यांचा धंदा नेमका तिच्यावर चालतो.

एक अपवाद मात्र झाला. प्राप्तिकराच्या ४३बी कलमात नवं पोटकलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगांची बिलं मुदतीत दिली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. मार्च २०२४ हा त्याचा पहिला मार्च. त्या महिन्यात तात्यांचे हाल बघवत नव्हते. कधी फोन न उचलणारे अकाउंटंट आपणहून फोन करून म्हणायचे, “तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, बाकी कळवा, ३१ च्या आत क्लिअर करायचंय.” तात्या वही उघडून बसायचे आणि सबब देणारा कुणी नसायचा. शहाळी नाहीत, बुधवार नाही, लाल पेन नाही. “याला वसुली म्हणत नाहीत,” ते कडवटपणे म्हणाले. “हे नुसते पैसे आले.” मग कुठल्याशा कंपनीनं एका गाळेवाल्याला सुचवलं की उद्यम नोंदणी रद्द करून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी आम्हाला घाई नको. ते ऐकलं आणि तात्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा टवटवी आली.

तात्यांना निरुत्तर करायचा एकच नामी प्रयत्न माझ्या पाहण्यात आला. जे ब्लॉकमधले एक व्हॉल्व्हवाले माळकरी, वारी न चुकवणारे. माझ्या शेजारच्या टर्निंगवाल्याचे ३ लाख ४० हजार त्यांच्याकडे अडकलेले. तात्या जाऊन बसले तसे ते भावुक झाले. “तात्या, आपण देहू-आळंदीच्या मधली माणसं. तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खतं इंद्रायणीत बुडवली. आणि आपण कागद घेऊन फिरतो.”

तात्यांनी हात जोडले. “बुडवली खरी माउली. पण सावकारानं स्वतःची बुडवली, कुळांनी त्याची नव्हे. आणि सांगतात की निम्मी खतं त्यांनी आधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाटणीला दिली होती. मी कान्होबाकडून आलोय.”

व्हॉल्व्हवाले मोठ्यांदा हसले. मग त्यांनी मोबाइलवर बँकेचं खातं उघडून तात्यांपुढं धरलं. खात्यात खरंच काही नव्हतं.

सबब खरी निघाली की तात्या बावचळतात. खोट्या सबबीवर त्यांच्याकडे इलाज आहे, खरीवर नाही. बराच वेळ त्यांनी त्या आकड्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पार्टीच्या बाजूनं प्रश्न विचारला, “तुमचे कोण देत नाही?”

चाकणला पावडर कोटिंगचे प्लांट बांधून देणारा एक होता. त्याच्या भट्ट्यांना यांचे व्हॉल्व्ह लागतात. त्याच्याकडून ५ लाख येणं. तात्या नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमधून चाकणला गेले. चाकणवाल्यानंही खातं दाखवलं. त्याच्या एका गिऱ्हाइकानं शेवटचा हप्ता, २ लाख २५ हजार, भट्टीचं दार नीट बसत नाही म्हणून धरून ठेवला होता. गिऱ्हाईक कोण? आमच्याच ओळीतला पावडर कोटिंगवाला, तात्यांचा जुना आश्रयदाता. तात्या स्कूटर वळवून त्याच्याकडे. तो म्हणाला, “दाराचं निमित्त आहे हो तात्या. माझेच २ लाख ६० हजार अडकलेत. व्हॉल्व्हच्या हँडव्हीलना मी कोटिंग करून देतो, तो टर्निंगवाला देतच नाही.”

टर्निंगवाला म्हणजे माझा शेजारी. ज्याच्या पैशासाठी तात्या घरून निघाले होते तो.

त्या बुधवारी संध्याकाळी तात्यांनी चौघांना माझ्या गाळ्यात बोलावलं, कारण माझा धंदा खोक्यांचा आणि माझ्याकडे बसायला पुठ्ठ्याचे गठ्ठे भरपूर. चौघं एकमेकांकडे बघायचं टाळत बसले. बाहेर दिवे लागले तसे व्हॉल्व्हवाले म्हणाले, “आता तिन्हीसांजेला पैशाची बोलणी नकोत. लक्ष्मी बाहेर जाते.”

“जाणार नाही,” तात्या म्हणाले. “बसल्या जागी गोल फिरेल.”

त्यांनी खोक्याच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर चार नावं लिहिली आणि बाण काढले. सगळ्यात लहान आकडा २ लाख २५ हजारांचा. तो चौघांच्याही खात्यातून वळता केला. चाकणवाल्याचा हप्ता फिटला. टर्निंगवाल्याकडून कोटिंगवाल्याचे ३५ हजार उरले, टर्निंगवाल्याचं येणं १ लाख १५ हजारांवर आलं, व्हॉल्व्हवाल्यांचं पावणेतीन लाखांवर. चाकणवाल्यानं शुक्रवारी माणूस पाठवून भट्टीचं दार बसवून द्यायचं कबूल केलं. चौघांनी कागदावर सह्या केल्या, शिक्के मारले. कुणाच्याही खिशातून रुपया न निघता नऊ लाखांची देणी संपली. इतका वेळ आपण एकमेकांचे फोन कापत होतो हे आठवून चौघंही एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले.

तात्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, “शेकडा दोननं साडेचार हजार प्रत्येकी. एकंदर अठरा.”

थापा थांबल्या. पहिला आवाज टर्निंगवाल्याचा. “तात्या, आपलं ठरलंय आलेल्या पैशावर. पैसे आले कुठं?”

“मी तर तुम्हाला नेमलंच नव्हतं,” चाकणवाला म्हणाला.

“माझं तर येणं नव्हे, देणं फिटलं. देण्यावर कमिशन कसलं?” कोटिंगवाला म्हणाला.

व्हॉल्व्हवाल्यांनी माळेला हात लावला. “तुमचं ठेवणार नाही तात्या. पण रोख आली असती तर त्यातून दिलं असतं. रोख आलीच नाही, कारण वसुली पुरी झाली.”

मला वाटलं, आता तात्या बॅगेचा आतला कप्पा उघडणार. त्यांनी वहीच काढली. नवं पान उघडलं, वर तारीख घातली आणि ‘रोख आलीच नाही, कारण वसुली पुरी झाली’ हे शब्द जन्माच्या रकान्यात निळ्या पेनानं लिहून घेतले. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वाचले आणि व्हॉल्व्हवाल्यांकडे कौतुकानं पाहिलं.

“मानलं माउली,” ते म्हणाले. “अशी आजवर कुणी दिली नव्हती. पुढच्या बुधवारी चहाला येतो.”